शेअर विकला आणि तो दसपट झाला... या रुखरुखीतून नेमकं शिकायचं काय?

२३ मार्च २०२० चा सोमवार. सेन्सेक्स एका दिवसात ३,९३४ अंकांनी कोसळला आणि २५,९८१ वर बंद झाला. पुढच्या दोनच दिवसांत देशभर लॉकडाऊन लागला. कारखाने थांबले, शोरूमना कुलपं लागली आणि टाटा मोटर्सचा शेअर ६५ रुपयांच्या आसपास येऊन पडला.

याच काळात घरात अडकलेल्या लाखो लोकांनी मोबाईलवर पहिल्यांदा डिमॅट खातं उघडलं. मार्च २०२० मध्ये देशात साधारण चार कोटी डिमॅट खाती होती, ऑगस्ट २०२२ मध्ये हा आकडा दहा कोटींच्या पुढे गेला. या नव्या मंडळींपैकी कित्येकांच्या यादीत टाटा मोटर्स होता. नाव ओळखीचं, भाव शंभराच्या आत, आणि "टाटांची कंपनी बुडणार थोडीच" हा विश्वास.

समजा एकाने ७० रुपयांनी १०० शेअर घेतले. सात हजार रुपये गुंतवले. जुलै २०२० मध्ये भाव १०५ च्या आसपास आला तेव्हा त्याने विकून टाकले. साडेतीन हजार नफा, तोही तीन-चार महिन्यांत. बँकेतल्या एफडीवर तेव्हा वर्षाला सहा टक्केही मिळत नव्हते, इथे ५० टक्के मिळाले. घरात पेढे वाटावेत असाच सौदा.

मग जानेवारी २०२१ मध्ये हाच शेअर २०० च्या पुढे गेला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ५०० च्या घरात. जुलै २०२४ मध्ये ११०० च्याही वर. साडेदहा हजारांना विकलेले ते १०० शेअर आता एक लाख दहा हजारांचे झाले होते. मग सुरू होते ती चुटपुट. ॲप उघडायचं, विकलेला शेअर शोधायचा, मनातल्या मनात गुणाकार करायचा आणि ॲप बंद करायचं. ज्याच्या खात्यावर खरं तर ५० टक्के नफा जमा झालाय, तो माणूस लाख रुपये हरवल्यासारखा बसलेला असतो.

हे दुःख खोटं नाही. त्यामागचा हिशोब मात्र बहुतेक वेळा चुकीचा असतो. आणि चुकीच्या हिशोबातून धडाही चुकीचाच निघतो.

नंतरचं पान आधी वाचता येत नाही

टाटा मोटर्सचाच आलेख थोडा मागे नेऊन पाहू. २०१५-१६ मध्ये या शेअरने ५०० च्या पुढचे भाव पाहिले होते. त्या वेळी ज्यांनी विकला नाही, त्यांनी तो शेअर ६५ पर्यंत घसरताना पाहिला. म्हणजे एकाच कंपनीच्या शेअरमध्ये "विकला नसता तर बरं झालं असतं" म्हणणारेही आहेत आणि "विकला असता तर बरं झालं असतं" म्हणणारेही. दोघांचीही रुखरुख खरी, आणि दोघांचे धडे एकमेकांच्या बरोबर उलट.

जुलै २०२० मध्ये विकणाऱ्याला काय दिसत होतं? कंपनीवर कर्जाचा मोठा बोजा होता. जग्वार लँड रोव्हरची विक्री मंदावलेली होती. लस आलेली नव्हती, लॉकडाऊन किती लांबणार याचा पत्ता कुणालाच नव्हता. टीपीजी नावाचा अमेरिकी गुंतवणूकदार कंपनीच्या इलेक्ट्रिक गाड्यांच्या व्यवसायात ७,५०० कोटी रुपये घालणार, ही बातमी आली ऑक्टोबर २०२१ मध्ये. त्या बातमीनंतर एका दिवसात शेअर जवळपास २० टक्के उसळला. ही बातमी जुलै २०२० मधल्या माणसाला माहीत असणं शक्यच नव्हतं.

रुखरुख मात्र ही गोष्ट सोयीस्करपणे विसरते. २०२४ चा भाव हातात घेऊन ती २०२० च्या माणसाला जाब विचारते. शिवाय ११०० हाच आकडा धरून का बसायचं? एप्रिल २०२५ मध्ये हाच शेअर ६०० च्याही खाली आला होता. तेव्हा "गमावलेले" एक लाख अचानक पन्नास हजारांच्याही खाली आले, आणि या मधल्या काळात त्या माणसाने काहीच केलं नव्हतं. जो तोटा समोरचा भाव पाहून रोज लहानमोठा होतो, त्याला तोटा म्हणायचं तरी कसं?

आता एक गंमत. मार्च २०२० मध्ये ज्याने टाटा मोटर्स घेतलाच नाही, त्याने विकणाऱ्यापेक्षा जास्त गमावलं. विकणाऱ्याला निदान ५० टक्के मिळाले, याला शून्य. पण रात्री झोप कुणाची उडते? विकणाऱ्याची. डॅनियल काहनेमन आणि एमोस ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी याच गोष्टीवर एक छोटं उदाहरण लोकांपुढे ठेवलं होतं. एका माणसाकडे एका कंपनीचे शेअर होते, ते बदलून दुसऱ्या कंपनीचे घ्यायचा त्याचा विचार होता, पण त्याने ते केलं नाही. दुसऱ्याकडे त्या दुसऱ्या कंपनीचेच शेअर होते आणि त्याने ते विकून पहिल्या कंपनीचे घेतले. पुढे ती दुसरी कंपनी जोरात चालली. दोघांचं नुकसान सारखंच. तरी कुणाला जास्त वाईट वाटेल, असं विचारल्यावर बहुतेकांनी बोट दाखवलं ते दुसऱ्याकडे. कारण त्याने स्वतःच्या हाताने काहीतरी केलं होतं. शेअर विकणं हे असंच स्वतःच्या हाताने केलेलं काम असतं, म्हणून ते जास्त टोचतं. वेदना जास्त म्हणजे चूक मोठी, असं मात्र समीकरण नाही.

अकरा वर्षांचा मुलगा आणि मोठी बहीण

लवकर विकल्याची जगातली सगळ्यात प्रसिद्ध गोष्ट वॉरेन बफे यांची आहे. १९४२ मध्ये, वयाच्या अकराव्या वर्षी, त्यांनी आयुष्यातला पहिला शेअर घेतला. कंपनीचं नाव सिटीज सर्व्हिस, भाव साधारण ३८ डॉलर. तीन शेअर स्वतःसाठी आणि तीन मोठी बहीण डोरिस हिच्यासाठी. घेतल्यावर भाव पडला आणि २७ डॉलरवर आला. बहीण शाळेच्या वाटेवर रोज आठवण करून द्यायची, की माझे पैसे बुडतायत. बिचाऱ्या मुलाच्या डोक्यावर केवढं ओझं! भाव जसा ४० झाला, तसे त्याने सगळे शेअर विकून टाकले. त्याच्या स्वतःच्या तीन शेअरवर मिळाले पाचेक डॉलर.

पुढे तो शेअर २०२ डॉलरवर गेला.

बफे यांनी ही गोष्ट पुढे अनेकदा सांगितली आहे, आणि त्यांनी त्यातून काढलेला धडा पाहण्यासारखा आहे. "शेअर कधीच विकू नये" असं ते म्हणाले नाहीत. आपण कितीला घेतला या आकड्याला चिकटून बसू नये, एवढ्यातेवढ्या नफ्यासाठी घाई करू नये आणि दुसऱ्याच्या पैशांचं दडपण डोक्यावर असताना निर्णय घेऊ नये, हे ते शिकले. यातला एकही मुद्दा २०२ डॉलरवर अवलंबून नाही. शेअर ४० वरून पुन्हा २७ वर गेला असता, तरी हे तिन्ही मुद्दे तितकेच खरे राहिले असते. कारण त्या मुलाने विकलं ते कंपनीकडे पाहून नाही, बहिणीच्या तगाद्याला कंटाळून आणि "खरेदीभाव निघाला" या सुटकेपोटी.

म्हणून बफे पुन्हा चुकले नाहीत असं मात्र नाही. १९६६ मध्ये त्यांच्या भागीदारी संस्थेने साधारण ४० लाख डॉलरमध्ये डिस्नी कंपनीचा पाच टक्के हिस्सा घेतला आणि पुढच्याच वर्षी ६० लाखांना विकला. वर्षभरात ५० टक्के. टाटा मोटर्सवाल्या आपल्या माणसाइतकाच नफा! डिस्नीचं पुढे काय झालं ते सांगायला नको.

हिरवं विकायचं, लाल सांभाळायचं

हा स्वभाव एकट्यादुकट्याचा नाही. १९८५ मध्ये हर्ष शेफ्रिन आणि मेअर स्टॅटमन या अभ्यासकांनी त्यावर शोधनिबंध लिहिला. माणसं नफ्यातले शेअर फार लवकर विकतात आणि तोट्यातले फार काळ धरून ठेवतात, हे त्यांचं म्हणणं. पुढे टेरन्स ओडीन यांनी एका अमेरिकन ब्रोकरकडची १० हजार खाती तपासली. १९८७ ते १९९३ या काळातले सौदे होते. ज्या ज्या दिवशी लोकांनी काही ना काही विकलं, त्या दिवशी त्यांच्याकडच्या नफ्यातल्या शेअरपैकी जवळपास १५ टक्के विकले गेले होते. तोट्यातल्यांपैकी विकले गेले ते १० टक्क्यांच्याही खाली.

यावर कुणी म्हणेल, बरोबरच आहे, वर गेलेलं खाली येणार आणि खाली गेलेलं वर येणार. तर ओडीन यांनी तेही तपासलं. विकलेल्या नफ्यातल्या शेअरनी पुढच्या वर्षभरात, सांभाळून ठेवलेल्या तोट्यातल्या शेअरपेक्षा सरासरी ३.४ टक्के जास्त परतावा दिला. म्हणजे लोक चालता घोडा विकत होते आणि लंगडा पोसत होते.

असं का होतं? तोट्यातला शेअर विकला की चूक कबूल करावी लागते. तोवर "अजून कुठे बुडालोय, कागदावरचा तोटा आहे" असं म्हणायची सोय असते. नफ्यातला विकला की उलट: आपण शहाणे ठरतो, शिक्का बसतो. तोट्याची वेदना तेवढ्याच नफ्याच्या आनंदापेक्षा कितीतरी जास्त असते, हे काहनेमन आणि ट्वर्स्की यांनी १९७९ मध्ये मांडलं होतं. त्यामुळे नफ्यात असलेला माणूस "आता हे हातचं जायला नको" म्हणून घाबरतो आणि तोट्यात असलेला माणूस धाडसी होतो. खरं तर दोघांनी नेमकं उलट वागायला हवं.

मोबाईल ॲपने यात तेल ओतलं आहे. प्रत्येक शेअरपुढे हिरवा किंवा लाल आकडा, आणि तो आकडा कशाशी तुलना करतो? खरेदीभावाशी. कंपनीचं काय चाललंय, पुढच्या तीन वर्षांत तिचा धंदा कुठे जाईल, यातलं त्या रंगात काहीच नसतं. बाजाराला कुणी कितीला घेतला हे माहीत नसतं आणि त्याच्याशी काही देणंघेणंही नसतं.

अमळनेरच्या ट्रंका

विकायचं नाही असं ठरवलं की काय होतं, याचं उदाहरण महाराष्ट्रातच आहे. जळगाव जिल्ह्यातलं अमळनेर. साने गुरुजींनी जिथल्या प्रताप हायस्कूलमध्ये शिकवलं ते गाव. १९४५ च्या अखेरीस मोहम्मद प्रेमजी यांनी 'वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स' ही कंपनी स्थापन केली आणि वनस्पती तुपाचा कारखाना काढला तो इथे. याच लांबलचक नावाच्या कंपनीचं नाव पुढे 'विप्रो' झालं. १९६६ मध्ये मोहम्मद प्रेमजी गेले आणि अमेरिकेत शिकणारा त्यांचा २१ वर्षांचा मुलगा अझीम परत आला. तेव्हा ही तूप-तेलाची कंपनी होती. कॉम्प्युटर वगैरे फार पुढची गोष्ट.

गावातल्या व्यापाऱ्यांनी, शेतकऱ्यांनी, नोकरदारांनी या कंपनीचे शेअर घेतले. आपल्याच गावचा कारखाना, रोज भोंगा ऐकू येतो, एवढं कारण पुरेसं होतं. पुढे एकामागून एक बोनस शेअर मिळत गेले, शेअरचं विभाजन होत गेलं आणि शंभर-दोनशे शेअरचे हजारो, लाखो झाले. अमळनेरला 'करोडपतींचं गाव' म्हणतात ते यामुळे. साध्या घरात राहणाऱ्या, सायकलवर फिरणाऱ्या माणसाच्या नावावर कोट्यवधींचे शेअर असल्याच्या गोष्टी तिथे सांगितल्या जातात. मुलीचं लग्न निघालं की थोडे शेअर विकायचे आणि बाकीचे तसेच ठेवायचे, अशीही तिथली पद्धत सांगतात.

ही गोष्ट समाजमाध्यमांवर फिरते तेव्हा तिच्याखाली ठरलेला संदेश असतो: घ्या आणि विसरून जा. पण दोन गोष्टी त्यात राहून जातात.

पहिली म्हणजे, त्या काळी विकणं सोपं नव्हतं. शेअर म्हणजे कागदी प्रमाणपत्र. ते ट्रंकेत, लग्नाच्या शालूखाली. विकायचं तर हस्तांतराचा फॉर्म भरा, सही जुळली पाहिजे, टपालाने पाठवा आणि वाट बघा. रोजचा भाव कळायचा तो दुसऱ्या दिवशीच्या पेपरात, तोही पेपर आला तर. आज भाव सेकंदासेकंदाला दिसतो, बटण दाबलं की शेअर विकला जातो आणि जानेवारी २०२३ पासून सगळ्या शेअरचे पैसे दुसऱ्याच दिवशी खात्यात येतात. अमळनेरकरांचा संयम मोठा होता यात शंका नाही, पण त्या संयमाला ट्रंकेच्या कुलपाची साथ होती. आजच्या गुंतवणूकदाराला ते कुलूप स्वतःच घडवावं लागतं.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. त्याच काळात महाराष्ट्रात कितीतरी कंपन्यांचे शेअर लोकांनी असेच ट्रंकेत ठेवले. मुंबईतल्या कापड गिरण्यांचेच घ्या. त्यातल्या अनेक कागदांना पुढे रद्दीचा भाव आला. त्या ट्रंकांवर बातम्या होत नाहीत.

अलीकडची उदाहरणंही भरपूर आहेत. पुण्याची सुझलॉन जानेवारी २००८ मध्ये ४०० रुपयांच्या वर होती. पवनऊर्जेचं भविष्य उज्ज्वल आहे, हे तेव्हाही खरं होतं आणि आजही आहे. शेअर २०२० मध्ये दोन रुपयांच्या आसपास होता. येस बँकेचा शेअर ऑगस्ट २०१८ मध्ये ४०० च्या आसपास होता. ५ मार्च २०२० ला रिझर्व्ह बँकेने निर्बंध लादले, दुसऱ्याच दिवशी शेअर एक आकडी भावात गेला आणि पुढे शंभराहून जास्त शेअर असणाऱ्यांचे ७५ टक्के शेअर तीन वर्षांसाठी गोठवले गेले. म्हणजे विकायचं ठरवलं तरी विकता येईना. इथे "लवकर विकला" म्हणून २०१७ मध्ये हळहळणारा माणूस २०२० मध्ये देवाला नारळ फोडत असणार.

इन्फोसिसचं गणित तर प्रत्येक गुंतवणूकदाराने कधी ना कधी ऐकलेलं असतं. १९८१ मध्ये दहा हजार रुपयांच्या भांडवलावर पुण्यात सुरू झालेली ही कंपनी १९९३ मध्ये बाजारात आली. ९५ रुपये भाव, आणि तरीही इश्यू पूर्ण भरला नव्हता. शेअरची नोंदणी झाली १४५ ला. तेव्हा ९,५०० रुपये घालून १०० शेअर घेतले असते, तर सगळे बोनस आणि विभाजन धरून २०१८ पर्यंत त्याचे १,०२,४०० शेअर झाले असते. १,५०० रुपये भाव धरला तरी १५ कोटींच्या वर.

आकडा बरोबर आहे. पण या प्रवासात काय काय आलं ते त्या पोस्टमध्ये नसतं. २००० च्या तेजीनंतर दीड वर्षात हा शेअर ७० टक्क्यांहून जास्त घसरला. १२ एप्रिल २०१३ रोजी निकाल मनासारखा लागला नाही म्हणून एकाच दिवसात सुमारे २१ टक्के. पहिल्याच दिवशी ५० टक्के नफा दिसत असताना न विकणारा, लाखाचे कोटी आणि कोटीचे पुन्हा लाख होताना न विकणारा माणूस, तोही पंचवीस वर्षं, किती घरांत सापडेल? १४५ ला विकलेल्याने १५ कोटी गमावले, हे म्हणणं फारसं खरं नाही. तो तेव्हा टिकला असता तर ३०० ला विकलं असतं, नाहीतर १,००० ला.

पश्चात्तापाचं दुसरं नुकसान

विकून झालं ते झालं. खरा घोटाळा त्यानंतर होतो.

मिशाल स्ट्राहिलेविट्झ, ओडीन आणि ब्रॅड बार्बर यांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दिसलं, की विकल्यानंतर जो शेअर वर गेला तो लोक पुन्हा घ्यायचं टाळतात. विकल्यावर खाली आला तर मात्र तोच शेअर आनंदाने परत घेतात. पहिल्यात आपण चुकलो असं वाटतं, दुसऱ्यात आपण हुशार ठरलो असं. कंपनी किती चांगली, हा प्रश्न दोन्हीकडे बाजूलाच राहतो.

टाटा मोटर्सच्या उदाहरणात हे स्पष्ट दिसतं. १०५ ला विकल्यावर २०० ला पुन्हा घेणं कुणाच्या जिवावर येणार नाही? "मी १०५ ला विकलेला शेअर २०० ला घेऊ?" २०० ला घेतला नाही, ३०० ला नाही, ५०० ला नाही. आणि मग ११०० ला, जेव्हा शेजारीपाजारी सगळे त्याच शेअरबद्दल बोलत होते, तेव्हा राहवलं नाही म्हणून घेतला. त्यानंतर तो घसरला. ज्या शेअरने आधी फक्त हळहळ दिली होती, त्याने आता खरंच खिशातून पैसे काढले.

दुसरा प्रकार याहून वाईट. "एकदा लवकर विकून फसलो, आता काही झालं तरी विकणार नाही" असा पण करून माणूस पुढची कंपनी घेतो, आणि ती नेमकी सुझलॉन निघते. बैल गेल्यावर झोपा करायचा, तोही दुसऱ्याच गोठ्याला.

मग वहीत काय लिहायचं?

विकलेल्या शेअरकडे पाहताना आजचा भाव झाकून ठेवावा आणि एकच प्रश्न विचारावा: त्या दिवशी विकायचं कारण काय होतं?

घरासाठी डाउन पेमेंट हवं होतं, आईचं ऑपरेशन होतं, क्रेडिट कार्डाचं कर्ज फेडायचं होतं, हे कारण असेल तर त्यात चूक शोधण्यासारखं काहीच नाही. क्रेडिट कार्डाच्या थकबाकीवर वर्षाला ३५-४० टक्के व्याज लागतं. ते कर्ज फेडणं ही स्वतःच एक भारी गुंतवणूक आहे. लोक शेअरचा भाव बघत बसतात, पण त्या पैशांतून घेतलेल्या घराचा किंवा वाचलेल्या व्याजाचा हिशोब कुणी मांडत नाही.

कंपनीत काहीतरी बिघडलं होतं, कर्ज वाढत होतं, प्रवर्तक आपले शेअर गहाण टाकत होते, भाव नफ्याच्या मानाने अवाच्या सवा झाला होता, असं कारण असेल, तर ते कारण तेव्हा बरोबर होतं का एवढं तपासावं. कारण बरोबर होतं आणि तरीही शेअर वर गेला, असं होतंच. बाजारात योग्य निर्णयाचं फळ वाईट येऊ शकतं आणि मूर्खपणाला बक्षीसही मिळतं.

पण उत्तर "वर गेला होता म्हणून", "खरेदीभाव निघाला म्हणून", "ग्रुपवर सगळे विकत होते म्हणून" असं निघालं, तर शिकायची जागा हीच. इथे रुखरुख उपयोगी आहे, शेअर पुढे वर गेला असो वा खाली. आणि याचा उपाय विकताना सापडत नाही, तो घेताना करावा लागतो. शेअर घेतला त्याच दिवशी वहीत दोन ओळी: का घेतला, आणि काय झालं तर विकणार. "दुप्पट झाला की विकणार" हेही चालेल, पण ते आधी लिहिलेलं असावं. म्हणजे दुप्पट झाल्यावर विकला आणि तो चौपट झाला, तर वही उघडून पाहता येतं, की आपण आपल्या शब्दाला जागलो होतो.

हातात शेअर असताना गोंधळ उडाला, तर खरेदीभाव विसरायला लावणारा प्रश्न असा: आज खात्यात शेअर नसून तेवढी रोकड असती, तर याच भावाला हा शेअर घेतला असता का? उत्तर ठाम "हो" असेल तर केवळ हिरवा आकडा दिसतोय म्हणून विकण्यात अर्थ नाही. ठाम "नाही" असेल तर लाल आकडा दिसतोय म्हणून धरून ठेवण्यातही नाही. करही लक्षात घ्यावा. जुलै २०२४ पासून वर्षाच्या आत विकलेल्या शेअरच्या नफ्यावर २० टक्के कर आहे. वर्षानंतर विकले तर वर्षभरातल्या सव्वा लाखापर्यंतच्या नफ्यावर कर नाही आणि त्यापुढे साडेबारा टक्के. चांगली कंपनी अकराव्या महिन्यात घाईने विकणाऱ्याने एवढा तरी आकडा मांडून पाहावा.

आणि सगळंच एकदम विकायचं असं कुणी सांगितलंय? शंका असेल तेव्हा थोडे विकावेत, थोडे ठेवावेत. पण त्यातही एक फसवं गणित चालतं: दुप्पट झाल्यावर अर्धे विकले, भांडवल निघालं, आता उरलेले "फुकटचे". फुकटचे कुठले? आजच्या भावाने त्यांची जी किंमत होते, ते पैसे पूर्णपणे मालकाचेच आहेत. "फुकटचे" म्हटले की त्यांच्याकडे दुर्लक्ष होतं, आणि मग ते बुडाले तरी वाईट वाटत नाही.

थोडे विकण्याचा खरा फायदा वेगळा आहे. चूक झालीच तर ती लहान राहते. याचं उदाहरण पुन्हा बफे यांचंच. त्यांच्या बर्कशायर हॅथवे कंपनीने २०१६ पासून ॲपलचे शेअर घेतले आणि त्यावर सुमारे ३६ अब्ज डॉलर घातले. २०२० मध्ये त्यातला लहानसा हिस्सा विकून ११ अब्ज डॉलर मिळवले. शेअर पुढेही वाढत राहिला. मे २०२१ मध्ये, वयाच्या नव्वदाव्या वर्षी, भागधारकांच्या सभेत ते म्हणाले की ते विकणं बहुधा चूकच होती. पण विकल्यानंतरही ॲपलमधला बर्कशायरचा हिस्सा ५.४ टक्के होता, आधीच्या ५.२ टक्क्यांपेक्षा जास्त. कारण दरम्यान ॲपल स्वतःच बाजारातून आपले शेअर परत विकत घेत होती, आणि एकूण शेअर कमी झाल्यामुळे बर्कशायरचा वाटा आपोआप वाढला होता.